युसूफमेस्त्रींचा तळहात

रविवारी दुपारी लोणावळ्यात गाड्यांची रांग लागली की युसूफमेस्त्री मुलाणी गॅरेजातून उठतात, फडक्याला हात पुसतात आणि त्या रांगेत शिरून अनोळखी माणसांच्या मोटारसायकलींच्या किल्ल्या काढून घेतात. चोरी नव्हे. चोर निदान पळून तरी जातो. मेस्त्री किल्ली मुठीत धरून तिथंच उभे राहतात आणि वर गाडीवाल्यालाच झापतात.

"कवाधरनं चालू हाय इंजिन?"

"काका, किल्ली द्या आधी."

"मी काय इचारलं?"

"झाली असतील वीस मिनिटं."

"वीस मिंटं! वारा न्हाई, हालचाल न्हाई, आन् बुडाखाली जाळ. तुला बशिवलं आसं तर चालंल?"

मागे बसलेली मुलगी हसते, पोरगा खजील होतो. रांग हलली की मेस्त्री किल्ली परत देतात आणि पुढच्या गाडीकडे वळतात. एकदा कुणीतरी पोलिसांत तक्रार केली. हवालदार चौकशीला आला तो स्वतःच्याच गाडीचं इंजिन घासून घेऊन गेला, आणि तेव्हापासून चौकात त्याला मेस्त्री दिसले की तो दुसरीकडे बघतो.

मेस्त्रींचं गॅरेज कुसगावात रस्त्याच्या कडेला आहे. पत्र्याची शेड, पुढे जांभळाचं झाड आणि मागे त्यांचं दोन खोल्यांचं घर. मी राहतो तुंगार्लीत. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालो तेव्हा लोकांनी शाल आणि नारळ दिला, पण घरी मला सोडायला आली ती माझी पंचवीस वर्षांची मोटारसायकल. हल्लीच्या गाड्यांसारखा तिला रेडिएटर नाही, पंखा नाही. वारा लागला तर निवते, नाही लागला तर तापते. माझंही साधारण तसंच असल्यामुळे आमचं जमतं.

पहिल्यांदा मी तिथं गेलो तेव्हा घाटात गाडी गचके देत होती. मेस्त्रींनी ना गाडीचं नाव विचारलं ना माझं. इंजिनाच्या पुढच्या लोखंडी गार्डला मी रेनकोट आणि एक पिशवी बांधली होती, तिची दोरी त्यांनी सोडायला घेतली.

"हे काय वाळत घातलंय?"

"रेनकोट आहे. लागतो कधीतरी."

"सायेब, हिच्या नाकावर उशी दाबून धरलीय तुमी. लागतो कधीतरी म्हनं!"

मग त्यांनी मला इंजिनाच्या अंगावरच्या त्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या दाखवल्या. त्यांना ते बरगड्या म्हणतात. वारा या बरगड्यांमधून जातो आणि आतली ऊब घेऊन बाहेर पडतो, एवढाच या इंजिनाचा सगळा उपाय. माझ्या बरगड्यांत, म्हणजे गाडीच्या, तीन पावसाळ्यांचा चिखल वाळून बसला होता. गॅरेजात एका खिळ्याला सात टूथब्रश टांगलेले असतात. त्यातला एक काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

"रोज दात घासता का?"

"घासतो."

"आन् हिचे?"

रेल्वेत तीस वर्षं मी लोकांना रांगेत उभं केलं. त्या दिवशी मी उकिडवा बसून तासभर इंजिनाचे दात घासले, आणि मेस्त्री मधूनमधून येऊन "आतल्या बाजूनं" एवढंच म्हणत होते.

त्यांचा राग ठरलेल्या गोष्टींवर आहे. मुंबईच्या एका पोराने तापलेल्या इंजिनावर बाटलीतलं गार पाणी ओतलं, तेव्हा मेस्त्री रस्त्याच्या पलीकडून ओरडत धावले. "आरं, उकळत्या चहाचा ग्लास बर्फात बुडव आन् बग काय व्हतंय! तडकंल की!" आंबी गावचा एक दूधवाला चढाला चौथा गिअर टाकून कण्हत कण्हत आला, तर त्याला म्हणाले, "म्हाताऱ्याच्या पाठीवर पोतं दिऊन वर त्याला पळ म्हनतूस व्हय? दुसरा टाक. मोकळं पळू दी तिला." कमी झालेलं ऑइल म्हणजे तर त्यांच्या लेखी सरळ गुन्हा. ऑइल तपासायची काडी काढून, बोटावर थेंब घेऊन, वास घेऊन ते मालकाकडे असं बघतात की मालक आपण होऊन कबुली देतो.

पण त्यांचा खरा लौकिक आहे तो तळहाताचा. पिंपरीपासून लोक येतात ते त्या तळहातासाठी. गाडी बंद करायची, स्टँडवर लावायची आणि गप्प उभं राहायचं. मेस्त्री डोळे मिटतात. तळहात इंजिनापासून वीतभर लांब धरतात, मग जवळ आणतात, मग बरगड्यांवर टेकवतात. नंतर निकाल येतो: पेट्रोल कमी सुटतंय म्हणून तापतीया, किंवा मागचा ब्रेक घासतोय, त्याला वढून वढून दमलीया. निकाल चुकल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. फक्त चहा आल्याशिवाय ते इंजिनाला हात लावत नसत. मला वाटायचं, माणूस चहाबाज आहे.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी गॅरेजात मी आणि ते दोघंच होतो. मी नुकताच घाट चढून आलो होतो. मेस्त्री माझ्या गाडीला टेकून, नव्या गाड्यांना कशी मीटरंच मीटरं लावतात ते सांगत होते आणि त्यांचा डावा हात सायलेन्सरवर होता. माझी गाडी तापली होती हे मला ठाऊक होतं. मी वाट बघितली, हा माणूस हात कधी काढतो. ते बोलतच होते. मग मला वास आला.

मी ओरडलो आणि त्यांचा हात ओढून काढला. तळव्याची कातडी पांढरी पडली होती. कुणाचा तरी हात दुरुस्तीला आणून ठेवलाय तसे मेस्त्री त्या हाताकडे बघत राहिले. आवाजानं आतून जैतूनभाभी, त्यांच्या पत्नी, बाहेर आल्या, त्यांनी हात बघितला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कळलं यांना. आता सांगून टाका."

साखरेच्या आजारानं हात गेले होते. आधी पायांचे तळवे बधिर झाले, मग हातांचे. चटका कळत नाही, गारवा कळत नाही. तीन वर्षं झाली होती.

"मग हे रोजचं?" मी विचारलं. "डोळे मिटून सांगता ते?"

"कान शाबूत हायेत, नाक शाबूत हाय," मेस्त्री म्हणाले. "आन् ही हाय."

तेव्हा मला चहाचा उलगडा झाला. भाभी चहा घेऊन यायच्या, ट्रे ठेवायच्या, पदरानं गाडीची टाकी पुसल्यासारखं करायच्या आणि तेवढ्यात त्यांचा हात इंजिनावरून फिरून यायचा. मग त्या नवऱ्याला सांगायच्या. "चहा निवलाय" म्हणजे इंजिन ठीक. "चहा गरम हाय" म्हणजे तापलंय, बघा. "चहा उतू गेला" म्हणजे आज ही गाडी सोडू नका. एवढं कळलं की बाकीचं मेस्त्री आवाजावरून आणि वासावरून काढायचे. तीन वर्षं मी तो चहा पीत होतो. कधीकधी गार चहाला त्या गरम म्हणायच्या, तेव्हा मला त्यांचीच काळजी वाटायची.

"भाभींना शिकवलं कधी हे?"

"मी काय शिकिवतो! चाळीस वर्सं भाकरी टाकायच्या आदी तव्यावर हात धरून बगतीया ती. मला अक्कल मागनं आली."

हे कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ त्यांनी मला घातली. मी म्हटलं, अहो, यात लपवण्यासारखं काय आहे? तर हा एरवी पोलिसाला न भिणारा माणूस खाली बघून म्हणाला, "सायेब, लोक हातासाठी येत्यात. मेस्त्रीचा हात गेला म्हनले, की मग मी कोन? खुर्चीवर बसल्यालं म्हातारं." मी निवृत्त माणूस. खुर्चीवर बसलेलं म्हातारं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी शपथ घेतली. ऑइलच्या झाकणावर बसणारं एक लहानसं काट्याचं मीटर मिळतं, ते मी आणून देऊन बघितलं. मेस्त्रींनी ते उलटसुलट केलं. "काटा किती ते सांगंल. का ते सांगंल का?" असं म्हणून त्यांनी ते मलाच परत दिलं. तेव्हा हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा आम्ही तिघांनी मिळून ते गुपित सांभाळलं. चहा जरा जास्तच प्यायला गेला.

यंदा दसऱ्यानंतरच्या एका रविवारी मी गेलो तेव्हा पुण्याहून आलेल्या पाच गाड्या शेडपुढे ओळीनं उभ्या होत्या आणि पाच तरुण हेल्मेटं काखेत धरून तळहाताची वाट बघत होते. भाभी ट्रे घेऊन आल्या. अंगावर शाल होती. उन्हं चांगली वर आलेली असताना शाल कशाला, असं माझ्या मनात आलं खरं, पण तेवढंच.

पहिल्या गाडीपाशी त्या म्हणाल्या, "चहा निवलाय." दुसरीपाशीही तेच. तिसरी गाडी मागाहून, आत्ताच येऊन थांबली होती, तिचं इंजिन अजून टकटक वाजत होतं. भाभींनी नेहमीसारखा, न टेकवता, वरूनच हात फिरवला. "चहा निवलाय." मेस्त्रींनी कान टवकारले. त्यांनी वास घेतला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. मी सहज केल्यासारखं करून बरगड्यांना हात लावला आणि चटकन मागे घेतला. इंजिन चांगलंच भाजत होतं.

मी ट्रेवरचा ग्लास उचलायला गेलो, तेव्हा भाभींच्या बोटांना माझी बोटं लागली. ती तव्यासारखी तापली होती. मग समजलं. जो हात स्वतःच एवढा तापलाय, त्याला इंजिनाची लांबून लागणारी धग कुठून कळणार.

मी मेस्त्रींच्या कानाशी म्हणालो, "भाभींना ताप आहे. चांगलाच आहे."

"न्हाई वो," ते म्हणाले. "सकाळी उठल्या उठल्या मीच कपाळाला हात लावून बगितलं की. गार..."

त्यांनी आपल्या तळहाताकडे बघितलं. मी या माणसाला लोकांवर ओरडताना बघितलंय, स्वतःचा हात भाजलेला बघताना बघितलंय, पण तसा चेहरा त्यांचा कधी बघितला नव्हता.

"जैतून," ते म्हणाले. "मला सांगितलं का न्हाईस?"

"तुमी हात लावला, गार हाय म्हनला," भाभी म्हणाल्या. "त्याच्यावर मी काय बोलू?"

पाच तरुणांपैकी कुणाला काही समजत नव्हतं. त्यातला एक म्हणाला, "काका, माझी बघता का आधी? आम्हाला पुढे जायचंय." मेस्त्रींनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ते भाभींच्या जवळ गेले, त्यांची शाल डोक्यावरून जरा मागे सारली आणि भर रस्त्यालगत, एवढ्या लोकांदेखत, आपला गाल त्यांच्या कपाळाला टेकवला. बराच वेळ टेकवला. दाढीचे खुंट टोचत असणार, पण भाभी हलल्या नाहीत. कुसगावातली ही वयस्क मंडळी नवरा-बायको म्हणून रस्त्यानं शेजारी शेजारी चालतसुद्धा नाहीत. मला कुठं बघावं कळेना.

"लय तापलीस गं," मेस्त्री म्हणाले.

मग ते त्या पोरांकडे वळले, आणि इतकी वर्षं जे झाकून ठेवलं होतं ते त्यांनी मोठ्यानं, गिऱ्हाइकाला ऑइल बदलायला सांगावं तसं सांगून टाकलं. "माझा हात गेलाय. मला गरम-गार कळत न्हाई. आजपतूर तुमी आला ते हिच्या हातासाठी आलता. आन् ती आज आजारी हाय. गॅरेज बंद."

ज्याला पुढे जायचं होतं त्यानंच आधी हेल्मेट खाली ठेवलं आणि रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली. दुसऱ्यानं भाभींच्या हातातून ट्रे घेतला. तिसरा घाबरत घाबरत म्हणाला, "मेस्त्री, आम्ही थांबतो. तुम्ही या सावकाश. नुसतं ऐकून सांगितलंत तरी चालेल."

मेस्त्रींनी त्याच्याकडे नीट निरखून बघितलं. हा टोमणा आहे की काय, ते तपासत असावेत. मग म्हणाले, "थांबायचं तर थांबा. पर गाड्या सावलीत घ्या आन् तोंडं वाऱ्याकडं करा." आणि मला म्हणाले, "सायेब, ध्यान ठिवा. पानी वततील."

भाभींना धरून त्यांनी रिक्षात बसवलं आणि शेजारी बसले. पाच मोटारसायकली आणि माझी सहावी, अशा आम्ही ढकलत ढकलत जांभळाखाली नेल्या. रिक्षा वळणाआड जाईपर्यंत मेस्त्रींनी भाभींच्या कपाळाला आणखी दोनदा गाल लावून पाहिला. दुसऱ्या खेपेला भाभींनी पदर तोंडाशी धरलेला दिसला. लाजून की रडू आलं म्हणून, ते मला इतक्या लांबून कळलं नाही.