तारेवरचा पहारा

लकडगंजातल्या नवबहार संत्रा उत्पादक विपणन संघाच्या कार्यालयात सत्त्याऐंशी साली चार संगणक आले आणि एका तारेने एकमेकांना जोडले गेले. तार वरच्या मजल्यावरून, भिंतीला भोक पाडून, खाली आवारातल्या रवानगी खोलीत उतरत असे. वर प्रेमलताबाई दिल्लीचा भाव फोनवर ऐकून संगणकात घालत. खाली तो पडद्यावर उमटे, शेतकरी होय म्हणे, रवानगी चिठ्ठी छापली जाई आणि ट्रक निघे.

ही व्यवस्था उत्तरा घाटे या संगणक व्यवस्थापक बाईंनी बसवली होती. प्रत्येकाला तिने एकेक गुप्त शब्द ठरवायला लावला होता. तो टाकल्याशिवाय संगणक उघडत नसे.

"हा शब्द कोणालाही सांगायचा नाही," ती म्हणे, "मलासुद्धा नाही."

स्वतःवरही विश्वास न ठेवणारी ही बाई फार दिवस टिकणार नाही, असं कार्यालयाचं मत पडलं.

पुढे दिल्लीचा भाव शेतकऱ्यांच्या आधी समोरच्या नानाजी दलालाला कळू लागला. चौकशी समिती बसली. उत्तराने सांगितलं, की दिल्लीच्या लाइनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून कार्यकारी सचिव मनोहरराव स्वतः भाव ओरडून पडताळतात, आणि नानाजी त्यांच्या खिडकीखालच्या पानठेल्यावर उभे असतात. समितीने हे म्हणणं नोंदवून घेतलं. समितीचे अध्यक्ष मनोहररावच होते. भाव तारेतून गळतो, असा निष्कर्ष निघाला.

गळती थांबवण्यासाठी कृष्णकांत यांची संगणक सुरक्षा अधिकारी म्हणून नेमणूक झाली. त्यांनी आधी एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामाची राखण केली होती. त्यांच्या काळात त्या गोदामातून कापसाची एकही गाठ चोरीला गेली नाही. एकही गाठ आत आली नव्हती, हा मुद्दा मुलाखतीत निघाला नाही.

रुजू झाल्या झाल्या त्यांनी तारेला प्रदक्षिणा घातली.

"यातून काय जातं?"

"माहिती जाते, साहेब," उत्तरा म्हणाली.

"संघाच्या मालकीची?"

"हो."

"म्हणजे माल. माल गेटपासशिवाय आवाराबाहेर जात नाही."

"ती आवाराबाहेर जातच नाही. वरून खाली जाते."

"आज खाली जाते," कृष्णकांत म्हणाले. "उद्या कुठे जाईल, सांगता येतं?"

जिन्याच्या वळणावर तार तोडून तिथे जोड बसवण्यात आला. जोडावर पत्र्याची पेटी आली, पेटीला कुलूप आलं, आणि कुलपापाशी स्टुलावर नत्थू चौकीदार आला. भाव खाली पाठवायचा झाला की प्रेमलताबाई गेटपास लिहीत, मनोहरराव सही करत, नत्थू कुलूप उघडून जोड लावे आणि भाव गेल्याची खात्री झाली की काढून घेई.

"साहेब, जातानी दिसत तं काहीच नाही," नत्थू म्हणाला.

"न दिसता जातं म्हणूनच तुला बसवलंय."

उत्तराने पुन्हा सांगून पाहिलं. "एक जोड सुटला की चारही संगणकांचं एकमेकांशी बोलणं बंद पडतं, साहेब."

"चारही?" कृष्णकांत सुखावले. "मी एकाचाच विचार केला होता."

मग गुप्त शब्दांची पाळी आली. कर्मचाऱ्याचा शब्द त्या कर्मचाऱ्यालाच माहीत असतो, हे ऐकून कृष्णकांत हादरले. उद्या त्याने सांगितला तर? सगळे शब्द, उत्तराच्या शब्दासकट, रद्द झाले आणि चारही संगणकांना मिळून एकच शब्द ठेवण्यात आला. तो मनोहररावांकडे द्यावा, तर एकाच माणसाच्या हाती एवढी सत्ता लोकशाहीत बसत नव्हती. म्हणून शब्दाचे दोन भाग केले. पहिला मनोहररावांनी टाकायचा, दुसरा संघाचे अध्यक्ष शरच्चंद्र यांनी. अध्यक्ष बहुधा दौऱ्यावर असत.

अशा वेळी नरखेडकडचा रुपराव संत्र्यांचा ट्रक घेऊन आवारात आला. सोबत बायको मनकर्णा होती. मार्चअखेरचं ऊन होतं. पहिल्या दिवशी दोघं ट्रकच्या सावलीत बसली. दुसऱ्या दिवशी ट्रकमधून रस गळू लागला आणि सावलीतही बसवेना.

"बाई, दिल्लीचा भाव काय आला?" रुपरावाने प्रेमलताबाईंना विचारलं.

"भाव आलाय. मला तोंडपाठ आहे," प्रेमलताबाई म्हणाल्या. "पण तोंडी सांगायला मनाई आहे. संगणकात यायला पाहिजे."

"मंग घाला न त्याच्यात."

"तो उघडत नाही."

"काहून?"

"सुरक्षित आहे."

मनकर्णा पुढे झाली. "संत्री सडून राहिली वं बाई! त्या डब्याले कोण चोरून राहिलं इथं? हाताने लिहून दे न चिठ्ठी."

हस्ताक्षर कोणालाही वाचता येतं, म्हणून हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या आधीच बंद झाल्या होत्या. हे सांगताना प्रेमलताबाईंना तिच्याकडे बघवलं नाही.

उत्तरा रिक्षा करून अध्यक्षांच्या घरी गेली. ते सकाळीच परतले होते. तिने त्यांना जेवणावरून उठवून आणलं. मनोहररावांनी सगळ्यांना पाठ फिरवून उभं राहायला लावून पहिला भाग टाकला. अध्यक्ष खुर्चीवर बसले, चष्मा पुसला आणि थांबले. आपला भाग त्यांना आठवत होता. तो एका देवाचं नाव होता. इंग्रजी स्पेलिंग आठवत नव्हतं.

"घाटेबाई," त्यांनी हळूच विचारलं, "एखाद्या देवाच्या नावात, कोणत्या ते मी सांगणार नाही, टी किती असावेत?"

"देव कोणता ते कळल्याशिवाय कसं सांगू, साहेब?"

"तेवढं विचारू नका," कृष्णकांत मधे पडले.

अध्यक्षांनी तीन वेळा वेगवेगळी भक्ती केली. तिसऱ्या वेळी संगणकाने त्यांना कायमचं बाहेर काढलं. आता दुरुस्तीला मुंबईहून माणूस येणार होता. अध्यक्ष ओशाळले, कृष्णकांतांच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं.

"अध्यक्षांना आत घेतलं नाही," ते म्हणाले, "चोराची काय बिशाद!"

उत्तरा तडक आवारात उतरली आणि सगळ्यांसमोर मोठ्याने रुपरावाला दिल्लीचा भाव सांगून टाकला. त्याचा उपयोग झाला नाही. छापील चिठ्ठीशिवाय फाटक उघडलं नाही. तिला तोंडी गळती केल्याबद्दल मेमो मिळाला. संध्याकाळी नानाजी दलालाने रस्ता ओलांडून येऊन ट्रक बघितला, नाकाला रुमाल लावला आणि रसवाल्यांसाठी म्हणून सगळा माल मातीमोलाने उचलला. दलालाच्या मालाला संघाची चिठ्ठी लागत नव्हती.

मनकर्णा रिकाम्या ट्रकात चढून बसली. पुसायचं सोडून ती फळीवरचा रस बोटाने नुसता ओढत राहिली. उत्तरा तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

पुढच्या महिन्यात वार्षिक सभा झाली. मनोहररावांनी अहवाल वाचला: या काळात संगणकातून एकही गुपित बाहेर गेलं नाही, विदर्भात इतका सुरक्षित संगणक दुसरा नाही, सबब कृष्णकांत यांना मुदतवाढ द्यावी आणि तारेला दुसरी पेटी बसवावी. मेमोचं उत्तर खिशात घेऊन उत्तरा मांडवाच्या दाराशी उभी होती. तेवढ्यात रुपराव उठला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "खापा गावच्या संस्थेतही कॉम्प्युटर आला म्हणते. त्यायचा उघडते का?"

"कोणालाही उघडतो," कृष्णकांत तुच्छतेने म्हणाले.

"मंग ठीक," रुपराव म्हणाला आणि ठरावाच्या बाजूने हात वर केला.

मग तो पाणी प्यायला निघाला, तेव्हा उत्तराने त्याला दाराशी गाठलं. "रुपरावजी, तुमचा सगळा माल गेला ना हो!"

"गेला तो गेला, बाई. पण आपल्या संघाचा कॉम्प्युटर कोणाच्या बापाले उघडत नाही. गावात सांगाले बरं वाटते."

"हात कायले वर केला गा?" मनकर्णा मांडवाबाहेरून ओरडली. ती सभासद नसल्यामुळे हे इतिवृत्तात आलं नाही.

विरोधात कोणी आहे का, असं मनोहररावांनी रीतसर विचारलं. मागच्या रांगेत दोन-चार खुर्च्या रिकाम्या होत्या. तुम्ही असता तर बसायला जागा मिळाली असती, आणि तुमचाही हात ठरावाच्या बाजूनेच वर गेला असता. चहा आणि आलूबोंडा ठराव पास झाल्यावरच होता.