एवढ्यात कुठे निघालात?

"इंग्रजी ना? त्यात काय एवढं! पाहुणी येईपर्यंत फडाफडा बोलायला लागते की नाही बघाच!"

झुल्मिराबाईंनी हे जाहीर केलं ते एपोनिनाच्या औषधाच्या दुकानात, गिऱ्हाइकांची गर्दी बघून. पेद्रा मान्सा गावात काही जाहीर करायचं तर तीच जागा. तेव्हा गावातला एकुलता एक टेलिफोन त्या दुकानात होता, आणि जे टेलिफोनवरून जात नसे ते एपोनिनाच्या तोंडून जाई. जास्त वेगाने जाई.

"तू? इंग्रजी?" एपोनिना खोकल्याच्या औषधाची बाटली हातात धरून हसतच सुटली. "अगं, रेडिओवरच्या आपल्या भाषेतल्या बातम्या तुला कळत नाहीत!"

"कळतात. पटत नाहीत," झुल्मिराबाई म्हणाल्या, आणि ताठ मानेने बाहेर पडल्या.

बाहेर पडल्यावर मात्र ती ताठ मान खाली आली. कारण गोष्ट थट्टेची नव्हती. त्यांची नात दाल्वा. रांगत होती तेव्हापासून त्यांनीच वाढवलेली. नर्स होऊन दूर स्कॉटलंडला गेली आणि तिथल्या यूअन नावाच्या लांबलचक मुलाच्या प्रेमात पडली. पोरीची एकच इच्छा होती. लग्न व्हावं ते टेकडीवरच्या निळ्या दरवाजाच्या चर्चमध्ये, आजीसमोर. पण यूअनची आई, मोइराबाई, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचं म्हणणं, नकाशात सापडत नाही अशा गावात कुणी लग्न करतं का? आधी मी स्वतः जाऊन बघेन, मग ठरवेन!

आणि ठरलं तिकडेच, तर? डॉक्टरांनी झुल्मिराबाईंना विमानाचं नावही काढायचं नाही असं बजावलं होतं. त्यांच्या हृदयाला बैलगाडीसुद्धा जास्त होत होती. म्हणजे नातीचं लग्न बघायचं ते फोटोत. तेही पोस्टाने येणाऱ्या फोटोत!

तर इंग्रजी शिकणं भाग होतं. शिकवायला बेलार्मिनो होता. तो दाल्वाचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता, त्यामुळे घरचाच माणूस. तरुणपणी एका मालवाहू जहाजावर स्वयंपाक्याचा मदतनीस होता, आणि त्या जोरावर गावात तो इंग्रजीचा विद्वान समजला जाई. दुसरा कुणी नसल्यामुळे त्याला कुणी खोटं पाडलं नव्हतं.

"बाई, व्याकरणबिकरण सोडा," तो ओसरीवर पाय पसरून म्हणाला. "या वयात एवढं ओझं कशाला? इंग्रजांची सगळी भाषा एका शब्दावर चालते. गेट!"

"म्हणजे?"

"म्हणजे काहीही! आणायचं, गेट. मिळायचं, गेट. समजलं, तरी गेट. माणूस म्हातारा झाला, गेट. आजारी पडला, बरा झाला, लग्न झालं, सगळं गेट. सकाळी उठायचं तेही गेट. बसमध्ये चढायचं तरी गेट, उतरायचं तरी गेट!"

"चढायचं आणि उतरायचं, दोन्ही?" झुल्मिराबाईंचे डोळे मोठे झाले. "मग कंडक्टरला कळतं कसं?"

"शेजारी आणखी एखादा चिल्लर शब्द लावतात. पण तो महत्त्वाचा नाही. आम्ही जहाजावर तो गिळून टाकायचो."

झुल्मिराबाईंनी बराच वेळ विचार केला. आपल्याकडे प्रत्येक कामाला वेगळा शब्द. आणायला वेगळा, समजायला वेगळा, म्हातारं व्हायला वेगळा. जसं भाताचं पातेलं वेगळं, घेवड्याचं वेगळं, कॉफीचं तर वेगळंच. आणि ही एवढी श्रीमंत माणसं एकाच पातेल्यात सगळा स्वयंपाक करतात?

"बिचारे!" त्या म्हणाल्या.

पण शब्द सोयीचा होता. त्यांनी तो घोटून घोटून पाठ केला. कोंबड्यांना दाणे टाकताना गेट, शेजारणीचं मांजर हाकलताना गेट. मांजर पळालं, म्हणजे उच्चारही बरोबर असावा!

अखेर तो दिवस उगवला. मोइराबाई मोटारीतून उतरल्या. उंच, सरळ, जणू कुणीतरी जमिनीत झेंड्याची काठी रोवली आहे. तोंडावर हसू नव्हतं आणि रागही नव्हता. तपासणीला आलेल्या माणसाचं असतं तसं तोंड होतं. त्यांना घेऊन आलेल्या दाल्वा आणि यूअन यांना लगेच बिशपच्या कचेरीत लग्नाच्या चौकशीला जायचं होतं, डोंगरापलीकडच्या शहरात.

"वोवो, आम्ही दुपारी येतोच," दाल्वा आजीच्या कानात कुजबुजली. "पण हे बघ, जेवण झालं की त्यांना जाऊ दे हं. प्रवासाने थकल्यात. समोरच्या लॉजवर जाऊन जरा पडू देत."

"म्हणजे काय! मी काय धरून ठेवणार आहे त्यांना?" झुल्मिराबाई फणकारल्या.

हे वाक्य त्यांना पुढे कित्येक वर्षं ऐकून घ्यावं लागलं.

जेवण झकास झालं. भेंडी घातलेली कोंबडी, पिठात घोळलेला घेवडा, बारीक चिरलेली हिरवी भाजी. झुल्मिराबाई वाडगं पुढे करत, "गेट!" मोइराबाई घेत. खुर्ची दाखवून "गेट!" मोइराबाई बसत. पोटावर हात फिरवून, भुवया उंचावून, "गेट?" मोइराबाई मान डोलावून म्हणत, "लव्हली." झुल्मिराबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. एपोनिनाला बोलवा रे कुणीतरी!

बोलवायची गरज नव्हती. पाहुणी बघायला अख्खी गल्ली ओसरीवर हजर होती, एपोनिना सगळ्यांत पुढच्या खुर्चीवर.

मग मोइराबाईंनी तोंड पुसलं, पर्स उचलली आणि उभ्या राहिल्या. निघाल्या.

आता पेद्रा मान्सातली रीत सांगायला हवी. पाहुणा निघाला आणि यजमानीण गप्प बसली, तर त्याच्या तोंडावर दार आपटल्यासारखं होतं. यजमानिणीने म्हणायचं, "एवढ्यात कुठे निघालात? कॉफी ठेवलीय!" आणि खांदे धरून खाली बसवायचं. पाहुण्याने टेकल्यासारखं करायचं आणि परत उठायचं. पुन्हा, "एवढ्यात कुठे?" मग पाहुण्याने "नाही हो, खरंच, गायीचं दूध काढायचं राहिलंय," असं काहीतरी सांगून सुटका करून घ्यायची. गाय नसली तरी चालते. यजमानीण मनातून सुटते, पाहुणा सुटतो, आणि सगळ्यांची अब्रू राहते.

झुल्मिराबाई धावल्या. "अगंबाई, एवढ्यात कुठे?" आणि दोन्ही हात मोइराबाईंच्या खांद्यांवर दाबून म्हणाल्या, "गेट, गेट!"

मोइराबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "थँक यू," म्हणाल्या आणि बसल्या. टेकल्यासारख्या नव्हे. चांगल्या मागे रेलून बसल्या!

कॉफी आली. चीजचे गरम गोळे आले. मोइराबाई पुन्हा उठल्या. "एवढ्यात कुठे?" खांदे दाबले. मोइराबाई बसल्या. पेरूची वडी आली. उठल्या. दाबल्या. बसल्या!

"अहो बाई, म्हणायचं बंद करा ना!" बेलार्मिनो दातओठ खात कुजबुजला. "ती खरंच बसतेय!"

"बंद कसं करू? पाहुणीला चालती हो म्हणू? माझी आई कबरीतून उठून येईल!"

"मग मला घरी जाऊ द्या. माझे गुडघे आखडलेत."

"जा की!"

"पाहुणीच्या आधी?" बेलार्मिनो दुखावला. "मला काय वळण नाही?"

तीच तर गोम होती! मानाचा पाहुणा उठल्याशिवाय दुसऱ्या कुणी उठायचं नाही, हीसुद्धा रीतच. एपोनिनाचा घेवडा शेजारीच तिच्या घरी चुलीवर होता. आधी त्याचा वास आला, मग धूर दिसला. तिचा नवरा भिंतीपलीकडून ओरडला, "अगं, जळतंय!" एपोनिना बसल्या जागेवरून ओरडली, "मग उतरवा! हात मोडलेत का?" दुकानातला टेलिफोन वाजवाजवून थकला. तोही कुणी उचलला नाही. तो दाल्वाचा होता. घाटात गाडी बंद पडलीय, यायला उशीर होईल, एवढंच सांगायचं होतं बिचारीला.

ऊन उतरायला लागलं. प्रार्थनेची घंटा झाली तरी चर्चमध्ये कुणी फिरकेना, म्हणून पाद्री अन्सेल्मो स्वतः माणसं शोधत आले. ओसरीच्या पायरीवर पाय ठेवून म्हणाले, "हे काय, आज सगळे इथे?"

"बसा ना, फादर!" झुल्मिराबाईंच्या तोंडून सवयीने निघालं.

पाद्री बसले. मग मोइराबाईंकडे बघितलं, सगळं समजून चुकले आणि कपाळाला हात लावला. पण आता उशीर झाला होता.

घरातलं सगळं संपलं. कॉफीची पूड संपली, ती एपोनिनाच्या नवऱ्याने भिंतीवरून टाकली. चीज संपलं. शेवटी झुल्मिराबाई आत गेल्या आणि फडताळापुढे उभ्या राहिल्या. वरच्या फळीवर हिरव्या पपईच्या मुरंब्याची बरणी होती. दाल्वाच्या लग्नासाठी महिनाभर आधीच घालून ठेवलेली. निळ्या दरवाजाच्या चर्चमधून बाहेर पडल्यावर तोंड गोड करायला.

'कसलं लग्न आणि कसलं काय,' त्यांच्या मनात आलं. 'म्हातारीला मी दुपारभर कोंडून ठेवलंय. तिकडे जाऊन सांगेल, तुरुंग आहे त्या गावात, तुरुंग! आणि मला फोटो येतील पोस्टाने.' डोळ्यांत पाणी आलं. ते ॲप्रनच्या टोकाने पुसलं आणि बरणी उतरवली. पाहुणीला नाही म्हणायचं नसतं.

मुरंबा घेऊन बाहेर येतात तो काय! मोइराबाई आपल्या खुर्चीवर नव्हत्या. त्या खाली पायरीवर एपोनिनाशेजारी बसल्या होत्या, मांडीवर शेंगांची टोपली घेऊन. एपोनिना दाणे सोलायचं दाखवत होती, मोइराबाई सोलत होत्या, आणि चुकलं की एपोनिना त्यांच्या हातावर चापट मारत होती. मुख्याध्यापिकेच्या हातावर!

"गेट?" एपोनिनाने दरडावून विचारलं.

"गेट!" मोइराबाई म्हणाल्या. आणि पहिल्यांदाच हसल्या.

तेवढ्यात फाटकाशी एक ट्रॅक्टर थांबला, आणि मागच्या गाड्यातून दाल्वा आणि यूअन उतरले, धुळीने लाल झालेले. दाल्वाने ओसरी बघितली आणि किंचाळली, "वोवो! त्या अजून इथेच?"

"मी काय करू गं? त्या जातच नाहीत!"

"त्या म्हणतात तू सोडतच नाहीस!"

मग दोन्हीकडून बोलणं सुरू झालं. मध्ये दाल्वा, टेबल टेनिसच्या जाळीसारखी. यूअनने आईला निघताना बजावलं होतं म्हणे, की ही माणसं जे देतील ते घे आणि बसवतील तिथे बस, नाही म्हणालीस तर फार लागतं त्यांना. मोइराबाईंनी आयुष्यभर शिस्त शिकवली होती. त्यांनी ती तंतोतंत पाळली. पहिल्या कॉफीला त्यांना जांभई आवरत नव्हती. पेरूच्या वडीपर्यंत राग आला होता.

मोइराबाई मग सावकाश काहीतरी बोलल्या. दाल्वाने ते आजीला सांगितलं.

"वोवो, त्या म्हणतात, नवरा गेल्यापासून त्या जिथे जातात तिथे लोक थोड्या वेळाने घड्याळाकडे बघतात. चांगली माणसं आहेत, पण बघतात. खांदे धरून पुन्हा खाली बसवणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. आणि त्यांच्यासाठी अख्खी गल्ली घेवडा जाळून बसली! त्या म्हणतात, लग्न इथेच. टेकडीवर."

झुल्मिराबाईंनी मुरंब्याची बरणी छातीशी धरली.  सगळे शब्द एकदम आटले, तो एक सोडून.

"गेट," त्या हळूच म्हणाल्या. आणि यावेळी दाल्वाला अर्थ सांगावा लागला नाही.

"आता मात्र त्यांना जाऊ दे," दाल्वाने दम भरला. "तोंडातून एक शब्द काढू नकोस, वोवो. शपथ आहे माझी!"

मोइराबाई उठल्या.  झुल्मिराबाईंनी ॲप्रनचं टोक दातांत धरलं. बेलार्मिनो उडी मारायच्या बेतात खुर्चीच्या टोकाला आला. पाद्रीबाबांनी एक पाय पायरीवर ठेवला. मोइराबाई अंगण ओलांडून गेल्या. फाटक उघडलं. आणि तिथे थांबून त्यांनी मागे वळून पाहिलं.

कुणीच काही बोलेना. कुणी धावेना. बाईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

दगडाचं काळीज हवं हो, अशा वेळी गप्प बसायला!

"अगंबाई, एवढ्यात कुठे निघालात?"

मोइराबाईंनी आतून फाटक लावून घेतलं आणि खुशीत परत फिरल्या. एपोनिनाने डोक्यावर हात मारला. पाद्रीबाबांनी खिशातून जपमाळ काढली आणि संध्याकाळची प्रार्थना तिथेच, ओसरीवर उरकून घेतली.

लग्न निळ्या दरवाजाच्या चर्चमध्येच झालं. मुरंबा नवा घालावा लागला. नवरानवरीला समुद्राकडे जाणारी बस पकडायची होती, आणि ती दोघं फाटकाशी आली तेव्हा मोइराबाई आडव्या आल्या. सुनेचे खांदे दोन्ही हातांनी दाबून, अस्सल पेद्रा मान्साच्या हेलात त्या म्हणाल्या, "एवढ्यात कुठे निघालात? कॉफी ठेवलीय!"

बस गेली. दुसरी दुसऱ्या दिवशी होती.

"बघ, किती लवकर आली तिला आपली भाषा!" झुल्मिराबाई कौतुकाने म्हणाल्या.

"आणि तुझं इंग्रजी?" एपोनिनाने सगळ्यांदेखत विचारलं. "फडाफडा बोलणार होतीस ना?"

झुल्मिराबाईंनी इकडे तिकडे पाहिलं. अंगणात शेजारणीचं मांजर आलं होतं.

"गेट!" त्या ओरडल्या.

यावेळी तेही जागचं हललं नाही.