दोन सेकंदांचा शंभू

शर्यत साडेसहाला होती. चंद्रप्पांनी टीव्ही पाचलाच लावला आणि साडेपाचपर्यंत तीनदा बंद करून पुन्हा लावून बघितला. चालू ठेवला तर ऐन वेळी तापून दगा देईल, आणि बंद ठेवला तर लागायचाच नाही, अशी दुहेरी धास्ती!

"आवं, बसा की जरा," त्यांच्या पत्नी मल्लम्मा म्हणाल्या. "फिरायलाव तुमी, अन् चक्कर मला यायलीय."

बसतील कसे? इज्जतीचा सवाल होता. थोरला मुलगा शंभुराज इंजिनिअर होऊन परदेशी गेला आणि फॉर्म्युला वनच्या एका संघात लागला. गाडी आत आली, की तिचं मागचं चाक दोन सेकंदांत बदलायचं, हे त्याचं काम. चंद्रप्पांनी कौतुकानं शेजारच्या राधाकिशनला सांगितलं आणि त्या पठ्ठ्यानं आठ दिवसांत सेलूच्या मोंढ्यात, भर बाजारात करून टाकलं, "अप्पाचं पोरगं परदेशात पंक्चर काढायलंय!" तेव्हापासून चंद्रप्पांच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक आधी शंभूची चौकशी करी, मग सरकी-पेंडीचा भाव विचारी, आणि दोन्ही वेळा हसे. म्हणून आज राधाकिशनला मुद्दाम समोर बसवून पोराचं काम दाखवायचं होतं.

राधाकिशन बायकोला, सारजाबाईंना घेऊन आला. शर्यत सुरू झाली तीच भर पावसात. गाड्या कसल्या, नुसते पाण्याचे फवारे पळत होते.

"निळी आपली," चंद्रप्पा म्हणाले.

"मला तर समद्याच धुरकट दिसायल्यात," राधाकिशन म्हणाला.

थोड्याच फेऱ्यांत पाऊस एवढा वाढला, की शर्यत मध्येच थांबवली. टीव्हीवर तसं इंग्रजीत सांगतही होते. पण ते कुणालाच कळत नाही म्हणून चंद्रप्पांनी आवाज आधीच बंद केलेला. पडद्यावर एक निळी गाडी उभी आणि तिच्यावर छत्री धरलेला, रेनकोटाची टोपी नाकापर्यंत ओढलेला एक माणूस. एक मिनिट गेलं, दोन गेली. ना गाडी हलली, ना माणूस.

"ह्यो बाबा बोटबी हालवंना," सारजाबाई म्हणाल्या.

"अप्पा, टीव्ही अटकला तुमचा," राधाकिशननं निकाल दिला.

"पाऊस हाय ना. पावसात डिश असंच करती."

"पाऊस तिकडं, अन् डिश इकडं!"

चंद्रप्पांनी बटण दाबून टीव्ही दोनदा बंद केला, दोनदा लावला. तोच माणूस, तीच छत्री! मग टीव्हीखालच्या डब्याला दोन सणसणीत थापडा हाणल्या. तरी काही नाही, तेव्हा तरातरा गच्चीवर जाऊन त्यांनी डिशच गदागदा हलवली. आणि खालचं चित्र खरोखर गेलं.

आता डिश जागेवर बसेना. हातानं दाबून धरली की चित्र येई, सोडली की जाई. झालं! चंद्रप्पा डिशला मिठी मारून उभे राहिले. डास चावत होते आणि खाजवायला हात मोकळा नव्हता.

"शंभू दिसला का?" त्यांनी वरून विचारलं.

"न्हाई! गाड्या पळायल्यात आता! हालू नका तुमी!"

तासाभरानं खालून एकच ओरडा झाला. "निळी आत आली! चाक... झालं!"

"काय झालं?"

"बदललं की! गेलीबी!"

ज्या दोन सेकंदांसाठी आठवडाभर जीव टांगणीला लागला होता, ते असे गेले. चंद्रप्पांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. खाली मल्लम्मा मीठ-मोहऱ्या घेऊन टीव्हीवरून दृष्ट काढत होत्या, आणि राधाकिशन म्हणत होता, "मानलं वैनी! डोळा मिटायच्या आत बदललं पोरानं!" तेवढ्यानं बापाला जरा बरं वाटलं.

शर्यत संपल्यावर शंभूचा फोन आला. चंद्रप्पांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"अप्पा, दिसलो का मी?"

"दिसलास की! काय झपाट्यानं चाक बदललंस रे!"

"चाक? आज चाक दुसऱ्यानं बदललं. उजवा हात मुरगळलाय माझा. शर्यत थांबली तवा मला छत्री धरून उभं केलं व्हतं. कॅमेरा समोरच. म्हणलं, आईला नीट दिसू दे एकदा. म्हणून जराबी हाललो न्हाई बघा."

चंद्रप्पांनी राधाकिशनकडं बघितलं, राधाकिशननं फरशीकडं.

"दिसलास ना," चंद्रप्पा म्हणाले, "लय भारी दिसलास."

मल्लम्मांनी फोन हिसकावून घेतला.

"खोटं बोलायलेत रे! तू हालंनास म्हणून ह्यांनी तुला दोनदा बंद केलं, थापडा हाणल्या, अन् तरीबी तू हालंनास म्हणून गच्चीवर पळाले!"