थोरली जाऊ, धाकटी जाऊ

लोणावळ्यात नामदेवभाऊंच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात पाय ठेवला की पहिला हुकूम सुटतो, "डावा हात पाठीशी!" उघड्या टीव्हीवर ते स्वतः एकाच हाताने काम करतात ते ठीक, पण गिऱ्हाईकालाही तसंच उभं करतात. "एका हातानं करंट शिरला आन् दुसऱ्यानं निघाला, तर वाटंत काळीज लागतं." रिमोटचे सेल घ्यायला आलेला माणूससुद्धा तिथे शिक्षा झालेल्या पोरासारखा उभा दिसतो.

मी कुरवंड्याचा शाळामास्तर. शिक्षा करायची सवय, भोगायची नाही. त्या दिवशी मात्र मी न सांगताच हात पाठीशी नेला, कारण मी खोटं बोलणार होतो.

मी आणलेला प्लाझ्मा टीव्ही माझा नव्हता. तो माझे शेजारी सदाआबा, म्हणजे नामदेवभाऊंचे सख्खे थोरले भाऊ, यांचा. आबांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत काकाचं नाव छापायचं राहिलं आणि नऊ वर्षं दोघांत अबोला. आता आबा खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेले. टीव्ही बंद पडला तसं त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि जेवण टाकलं. मुलीने नवा पाठवला, तर "ह्यात माणसं प्लास्टिकची दिसत्यात" म्हणून परत धाडला. आणि अख्ख्या मावळात प्लाझ्मा उघडणारा माणूस एकच.

"कुणाचा?"

"माझाच," मी म्हणालो.

भाऊंनी पाठीमागचं झाकण काढलं. आता कुटुंबाची ओळख होणार हे ठरलेलंच. "ह्यो मेन बोर्ड म्हंजे सासरा. केबलवाला काय बोलतो ते ऐकतो, समजून घेतो आन् सासूला सांगतो. ही मधली सासू, लॉजिक बोर्ड. कुनी कवा ढकलायचं ते ही ठरवती. आन् हे दोन कडंचे बोर्ड म्हंजे दोघी जावा. येकदा थोरलीनं करंट ढकलायचा, येकदा धाकटीनं. तवा काचंतल्या वायूला उजेड फुटतो. एक जरी रुसली तरी अंधार."

त्यांनी मीटर टेकवला. "थोरली गेलीया. धाकटीनं एकटीनं किती ढकलायचं?"

मी हसणार होतो, तेवढ्यात त्यांचा हात एका हिरव्या वायरवर थांबला.

"हा सोल्डरचा टाका माझ्या हातचा हाय."

टीव्हीसकट रस्त्यावर जायची मी मनाची तयारी केली.

"गुर्जी असून खोटं बोलता?"

"भाऊ, आबा दोन दिवस जेवले नाहीत."

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला पळून जावंसं वाटलं. मग उठले आणि फळीवर चालू असलेला स्वतःचा टीव्ही बंद केला. तसाच, त्याच मापाचा. दोघा भावांनी एकाच दिवशी घेतलेला. "आत साठलेला करंट मुरू द्या," म्हणून ते दहा मिनिटं तसेच उभे राहिले. मग त्यांनी आपल्या टीव्हीतली थोरली काढली आणि आबांच्या टीव्हीत बसवली.

बटण दाबलं. टक. अंधार. पुन्हा टक. मी मनातल्या मनात एकविरेला साकडं घातलं. आणि चित्र आलं.

भाऊंनी रिमोट घेऊन आवाज पार डावीकडे सरकवला.

"भाऊ, एकाच बाजूनं ऐकू येतंय."

"येऊ द्या. उजव्या कानानं ऐकू येत न्हाई त्याला." ते पडद्याकडेच बघत होते. "बारकं असताना माझ्या गोफणीचा धोंडा लागलता. घरी मला मार बसंल म्हनून झाडावरनं पडलो म्हनला."

"मला तर आबांनी गेल्याच महिन्यात सांगितलं," मी म्हणालो, "जांभळीवरून पडलो, त्यात कान गेला म्हणून."

नामदेवभाऊ स्टुलावर बसले आणि रडायला लागले.