सुधारणेपूर्वी सुधारू नये

गुणवत्ता म्हणजे टीव्ही-स्कूटरची गोष्ट, असा तोवर समज होता. १९९६ साली ती बीडमधल्या एका नर्सिंग शाळेच्या अभ्यासक्रमात शिरली. शाळेचे प्राचार्य धर्मराज सर पुण्याला गुणवत्तेचं तीन दिवसांचं शिबिर करून टाय लावूनच परतले. प्रत्येक विद्यार्थिनीला एकेक खाजगी दवाखाना मिळाला. पहिला महिना ‘सुधारणेपूर्वी’ : अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीवर पडून-पडून झालेल्या जखमा मोजायच्या. दुसरा ‘सुधारणेनंतर’ : दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची आणि पुन्हा मोजायच्या. फरक दिसला की पास.

रुद्राणीकडे मांजरसुंब्याच्या भिवराबाई आल्या. लकव्यानं डावी बाजू गेलेली. पाचव्या दिवशी पाठ लाल दिसली, तशी रुद्राणीनं त्यांना कुशीवर वळवलं. नेमके सर आले.

“हे काय करायलीस?”

“पाठ लाल झाली, सर.”

“कूस बदलणं पुढच्या एक तारखेपासून हाय. आत्ताच नीट केलीस, तर मग सुधारायचं काय?”

“सरळ कर बाई मला,” भिवराबाई म्हणाल्या. “साहेबाचा कागद नासायलाय.”

दुसऱ्या दिवशी परिपत्रक लागलं : ‘सुधारणा कालावधीपूर्वी कोणीही परस्पर सुधारणा करू नये.’

रुद्राणीला संताप आला आणि भीतीही वाटली. गावाकडं, सिरसाळ्याला, वडिलांनी बजावलं होतं, नापास झालीस तर थेट मांडवात बसायचं. तरी सर चहाला गेले की ती सगळ्या पेशंटची कूस बदलायची. सर चहा फार प्यायचे, हा भिवराबाईंवर मोठाच उपकार.

निकाल लागला. रुद्राणी : आधी शून्य, नंतर शून्य, सुधारणा निरंक, नापास. आज्ञाधारक तेजश्री : आधी सात, नंतर दोन. जखमा झालेल्या सातांतले तिघे वारल्यामुळे त्यांच्या जखमा नियमाप्रमाणे कमी झाल्या. तिच्या दवाखान्याला सोनेरी चौकटीतलं प्रमाणपत्र मिळालं : ‘जखमांत एकाहत्तर टक्के घट’.

वडिलांच्या हातापाया पडून रुद्राणी सहा महिन्यांनी फेरपरीक्षेला आली, तर स्टँडवर भिवराबाईंचे चिरंजीव मोहनराव भेटले. आता त्यांच्या वडिलांना लकवा झाला होता.

“ताई, तुमी आईच्या पाठीला ओरखडा येऊ दिला न्हाई. लई उपकार झाले. पण वडलांना तेजश्रीबाईच्या दवाखान्यात ठेवलंय.”

“कावून?”

“तिथं जखमा कमी होतेत, भिंतीवर लिवलेलं हाय. तुमच्याकडं जखमाच न्हाईत, तर कमी काय होणार?”

हसू नका. गेल्या खेपेला दवाखाना निवडताना तुम्ही तरी आतल्या पेशंटची पाठ पाहिली होती, की भिंत?