अमडापूरच्या बेटावरील आरोग्यरजा

सरकारी नोकराला विश्रांतीची गरज असते हे सरकारला पटायला वेळ लागतो. पण एकदा पटलं की त्यातून कोणाचीही सुटका नाही.

आमचे साहेब रजेवर लंकेला गेले आणि श्रावणात तांबूस होऊन परतले. (लंकेला गेलेला कोणीही काहीतरी पेटवल्याशिवाय राहत नाही.) तिथल्या बेटावर पोहणं, नाव वल्हवणं, गळ टाकणं आणि वाळूत उघड्यानं पडून राहणं या चार क्रियांनी त्यांची प्रकृती इतकी सुधारली, की त्यांनी आमचीही सुधारायचं ठरवलं. यापुढे कारकुनानं रजा बेटावरच भोगावी, असा हुकूम निघाला.

जिल्ह्यात बेट नव्हतं. ही उणीव हेडक्लार्क वामनरावांनी भरून काढली. अमडापूरच्या अलीकडे एका तळ्यात मधोमध उंचवटा होता. भाद्रपदात त्याच्या चारी बाजूंनी पाणी असल्याचं त्यांनी समक्ष पाहून लिहून दिलं. कागद वर गेला आणि मंजूर होऊन वैशाखात खाली आला. आठ महिने म्हणजे तसं लवकरच. माणसाला जन्माला यायलाही नऊ लागतात.

वैशाखात तळं आटून तिथं अमडापूरच्या सुभद्राबाईनं लावलेले टरबुजांचे वेल होते. पण मंजूर कागदात पाणी होतं आणि ते काढायचं तर नवा कागद करावा लागला असता, म्हणून पाणी कायम ठेवण्यात आलं. नाव बैलगाडीतून आणून भेगाळलेल्या गाळावर ठेवली. आम्ही अकरा कारकून तीन दिवस वल्ही मारत होतो. उष्णमान एकशे बारा. गळाला एक चप्पल लागली (डावी). सूर्यस्नानाची सक्ती नव्हती, सावलीच नव्हती. कलम चार असं: 'नावेशिवाय बेट सोडणारा बुडाला असे समजण्यात येईल. बुडालेल्यास पेन्शन नाही.'

आमच्या मार्तंडाचं चित्त मात्र वल्ह्यात नव्हतं. त्याच्या लेकीची, प्रतिमाची, आधीची दोन मुलं गेली, हे तिसरं जगलं. दुसऱ्या दिवशी खामगावला, तिच्या सासरी, बारसं होतं. मार्तंडाची बायको वारलेली. बाळंतविडा घेऊन जाणारं माहेरचं माणूस तो एकटाच. त्यानं रजा मागितली ती याच्यासाठी, आणि मिळाली ती ही. कुंचीची लेस त्यानं स्वतःच्या हातानं टाचली होती, वाकडीतिकडी. ते गाठोडं मांडीवर घेऊन तो बेटाच्या काठाशी बसला होता.

बारशाच्या सकाळी सुभद्राबाई टरबुजं तोडायला आली.

"काऊन बसून राह्यले, भाऊ?"

"नाव चालत नाही."

"पायानं जा ना. मी आली तशी."

मार्तंडानं वामनरावांकडे पाहिलं. ते सूर्यस्नानात होते; डोळे न उघडताच म्हणाले, "पेन्शनीला दोन वर्षं राहिली तुमच्या. आत्ता बुडू नका."

"कोन बुडून राह्यलं इथं? माह्या वेलाले पाणी पुरत नाई."

"बाई, आज माझ्या लेकीच्या बाळाचं बारसं आहे," मार्तंड म्हणाला आणि त्याला रडू कोसळलं. आम्हाला फार वाईट वाटलं. आम्ही वल्ही मारत राहिलो.

कलम पुन्हा वाचून पाहता त्यात माणसाचा उल्लेख होता, गाठोड्याचा नव्हता. सुभद्राबाईची टरबुजांची गाडी खामगावच्या बाजारालाच निघाली होती. गाठोडं तिच्या डोक्यावरून, पायी, बेट सोडून गेलं. ते बुडालं नाही.

खामगावात माहेरचं माणूस म्हणून तिलाच पाटावर बसवलं. प्रतिमानं तिची ओटी भरली, कुंचीवरचे वेडेवाकडे टाके पाहिले आणि विचारलं, "बाबा बरे नाहीत का?"

"बरे हायेत व, बाई," सुभद्राबाई म्हणाली. "पाण्यात अडकले."

अहवाल मी लिहिला. 'पोहण्यात तरबेज: अकरा. बुडाले: निरंक. योजना यशस्वी.' पुढल्या वैशाखात आणखी दोन बेटं मंजूर आहेत.

मार्तंडाच्या जागी आपण असतो तर सरळ उठून चालू लागलो असतो, असं तुम्हाला वाटतंय. बेटावर बसलेल्या बाकी दहाजणांनाही तेच वाटत होतं. तेव्हा एवढंच सांगा, तुमचं कोणतं बारसं राहून गेलं, आणि मधे पाणी किती होतं?