हिरवा पुडा आणि तीनशे चाळीस वॅट

संगणकाचा पॉवर सप्लाय बदलायचा नाही, हा निर्णय मी शनिवारी सकाळी दात घासता घासता घेतला. तोंडात फेस असताना माणसाने मोठे निर्णय घेऊ नयेत, हे मला व्हँकुव्हरच्या विद्यापीठात कुणी सांगितलं नाही. (तिथे मी पर्यावरण शिकलो. फेस बहुधा दुसऱ्या विभागाकडे असावा.)

माझी बायको शिन-रू दिव्यांच्या उत्सवासाठी कंदील आखते. कंदील म्हणजे हातात धरून मिरवायचा नव्हे. तीन मजली, मान हलवणारा, रस्ता अडवणारा. यंदा आमच्या शिंचू शहराच्या उत्सवातल्या मुख्य कंदिलासाठी तिने पंख उघडणारा बगळा आखला होता आणि त्याची हलती चित्रफीत संध्याकाळी पाचच्या आत नगरपालिकेला पाठवायची होती. गेल्या वर्षी तिचा संगणक ऐन वेळी इतका रखडला की फीत उशिरा पोचली. मुख्य कंदील दुसऱ्याला गेला आणि हिच्या वाट्याला उत्सवातल्या कचऱ्याच्या डब्यांना सशाचे कान लावायचं काम आलं. कान तिने मनापासून केले. पण तेव्हापासून आमच्या घरात सशाचं नाव कुणी काढत नाही.

म्हणून तिच्या भावाने आपलं दणकट ग्राफिक्स कार्ड आणून दिलं. देताना म्हणाला, "दाजी, तुमचा पॉवर सप्लाय जुना आहे. याला झेपतो का बघा. नाहीतर सरळ नवा घ्या."

सरळ नवा घ्या! अहो, याच वाक्यावर तर पृथ्वी तापली आहे. आणि ती निववण्यासाठीच मी परदेशातली नोकरी नाकारून या बेटावर परत आलो होतो. (नोकरी त्यांनीही नाकारली होती, पण आधी मी.)

"मी हिशेबाने तपासतो," मी जाहीर केलं.

"तपास," शिन-रू म्हणाली. "पण दुपारी एकला मला संगणक हवा. माझा बगळा अडकला ना, तर सशाचे कान तुला लावीन."

(नाव तिनेच काढलं. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.)

मी संगणकाचं खोकं आडवं करायला गेलो, तर त्याच्यावर हिरवा पुडा उभा. आमच्याकडे हे असतंच. मक्याचा कुरकुरा खाऊ, नारळाच्या चवीचा, आणि त्या खाऊचं नावच मुळी 'शहाण्यासारखा वाग' अशा अर्थाचं. तो यंत्रावर ठेवला की यंत्र शहाण्यासारखं वागतं, अशी समजूत. पुडा हिरवाच हवा, तारीख उलटलेली नको, फोडलेला तर मुळीच नको. पिवळा किंवा लाल ठेवलात तर यंत्र रुसतं. हे कुणी अडाणी माणसं करतात असं समजू नका. माझे सासरे चिपच्या कारखान्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले. आमच्या संगणकावरचा पुडा तारीख पाहून तेच बदलतात.

मी मात्र तो उचलला. एक तर तो हवेची जाळी अडवत होता. दुसरं म्हणजे विज्ञान. तिसरं म्हणजे मी नाश्ता केला नव्हता.

खात खात मी पॉवर सप्लाय पाहू लागलो. त्याची ताकद त्याच्या अंगावर छापलेली असते. पण छापलेली बाजू पत्र्याकडे तोंड करून बसवायची, असा जगातल्या तमाम संगणक जोडणाऱ्यांचा आपसात करार असावा. स्क्रू काढून ते धूड बाहेर ओढलं. त्यावर ठळक अक्षरांत पाचशे वॅट. पण मी फसणाऱ्यातला नव्हे! ठळक आकडा हा लग्न जुळवणाऱ्या मावशीने सांगितलेल्या मुलाच्या उंचीसारखा असतो. खरी गोष्ट खालच्या बारीक ओळीत, बारा व्होल्टच्या रकान्यात: चारशे वीस.

कार्डाला जास्तीत जास्त दोनशे वीस. बाकीच्या यंत्राला किती, ते मोजायला माझ्याकडे खास डबी होती. व्हँकुव्हरहून आणलेली. भिंतीतलं सॉकेट आणि यंत्राची तार यांच्यामध्ये ती खोचायची. ती वीज मोजते, उधळपट्टी झाली तर यंत्राचा कान धरते, आणि केलेल्या कामाचा निरोप फोनवर पाठवते. ते निरोप मी शिन-रूच्या फोनवरही चालू करून दिले होते. तिने त्यांचा आवाज लगेच बंद केला. घरात सूचना देणारा एक पुरे, म्हणाली. डबीने सांगितलं: बाकीच्या यंत्राला एकशे वीस.

बेरीज तीनशे चाळीस. ताकद चारशे वीस. कार्डाला लागणारी जोडतारही आत आयती लोंबत होती. पृथ्वी वाचली! मी सगळं जोडलं आणि रिकामा पुडा धुऊन, सपाट करून, प्लास्टिकच्या कचऱ्यात टाकला.

एक वाजता शिन-रूने काम सुरू केलं. पडद्यावर बगळा असा काही झळकला, की खालच्या मजल्यावरून मासगोळ्यांचं सूप घेऊन आलेल्या सासूबाई पातेलं धरून उभ्याच राहिल्या. बगळ्याने मान उचलली. पंख उघडायला घेतले. अर्धे उघडले.

फट्. सगळं काळं.

"नवं कार्ड आहे, लाजतंय," मी म्हणालो. मिनिटभराने बटण दाबलं, संगणक सुरू झाला. बगळ्याने पुन्हा मान उचलली, पुन्हा अर्धे पंख, पुन्हा फट्. मी बाजूचा पत्रा काढून टेबलपंखा लावला. बगळा पुन्हा गेला, आता वाऱ्यावर, इतकाच फरक.

"तुझी बेरीज बरोबर आहे ना?" शिन-रूने विचारलं. तिचा आवाज फार शांत होता, आणि मला तो आवाज आवडत नाही.

"शंभर टक्के. कदाचित पॉवर सप्लाय म्हातारा झाला असेल. म्हणजे कागदावर तो—"

"बगळा कागदावर उडवायचा नाहीये मला!"

तेवढ्यात वर आलेल्या सासऱ्यांनी खोक्याकडे पाहिलं. "पुडा कुठाय?"

माझ्या शर्टावर मक्याचा चुरा होता, तो मी हळूच झटकला. शिन-रू उठली, सरळ कचऱ्याच्या डब्यांकडे गेली आणि धुतलेला, सपाट केलेला, कडकडीत वाळलेला पुडा दोन बोटांत धरून आली. (वेगळा काढलेला कचरा गुन्हा लपवू देत नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं. वॉर्डात त्यावर व्याख्यान मीच दिलं होतं.)

"खाल्लास?"

"जाळी अडत होती."

"म्हणून खाल्लास?"

"आमच्या कारखान्यात," सासरे छताकडे पाहत म्हणाले, "एका पोराने असाच खाल्ला होता. यंत्रांची अख्खी रांग बंद पडली."

"मग त्याचं काय झालं?"

"कँटीनमध्ये कामाला घातला. खाण्याची आवड होती ना."

"बाबा, हे विज्ञान नाही!" मी तळमळून म्हणालो. "मक्याच्या खाऊचा आणि विजेचा काय संबंध? दोष पॉवर सप्लायचा आहे!"

"मग बदल ना!" शिन-रू ओरडली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझा भाऊ आधीपासून तेच सांगत होता! पुन्हा कचऱ्याचे डबे सजवायचे का मी?"

त्या पाण्यापुढे पृथ्वी लहान वाटली. मी शिरस्त्राण उचललं आणि स्कूटर काढली. शिंचू म्हणजे जोरदार वाऱ्याचं शहर. त्या दिवशी तो माझ्या तत्त्वांवर खास लक्ष ठेवून होता. दुकानात मी, ज्याने आयुष्यात कधी प्लास्टिकची पिशवी मागितली नाही, साडेसातशे वॅटचा भला थोरला पॉवर सप्लाय मागितला. पिशवीसकट.

धापा टाकत जिना चढून आलो, दार उघडलं, आणि पाहतो तर बगळा पंख पूर्ण पसरून संथपणे उडत होता. एकदा, दोनदा, परत परत. फीत भराभर तयार होत होती. शिन-रू श्वास रोखून बसली होती. आणि खोक्यामागे, भिंतीला टेकून, नवाकोरा हिरवा पुडा.

"खालच्या दुकानात सगळे पिवळेच," सासूबाई सांगत होत्या. "हिरव्यासाठी देवळापर्यंत चालत गेले. आणि जावईबापूंच्या पंख्याने इथे वरती उभा राहीना, म्हणून मागे ठेवला. मागे यांची ती डबी आड येत होती. ती उपटली, आणि तार सरळ भिंतीत घातली."

डबी.

गेल्या हिवाळ्यात शिन-रूच्या पायाशी असलेल्या शेगडीला शिस्त लागावी म्हणून मीच त्या डबीवर मर्यादा घातली होती. तीनशे वॅट. त्यापुढे गेलात की वीज बंद, मिनिटभराने पुन्हा चालू. पॉवर सप्लाय ठणठणीत होता. माझी बेरीजही बरोबर होती. बगळ्याचे पंख मीच छाटत होतो.

"काय, जावईबापू?" सासऱ्यांनी विचारलं. "विज्ञान काय म्हणतं?"

विज्ञानाच्या बाजूने बोलायला त्या खोलीत माझ्याइतका लायक माणूस नव्हता. मी घसा साफ केला.

"पुडा छान उभा राहिलाय," मी म्हणालो.

आणि नवा पॉवर सप्लाय मुकाट्याने बुटांच्या कपाटात ठेवला. जाता जाता सहज विचारलं, "आई, ती डबी कुठाय?"

"लावली कामाला," त्या म्हणाल्या. "वस्तू वाया घालवू नये म्हणता ना तुम्ही?"

पाचच्या आत फीत गेली. पोचल्याचा निरोप आला तेव्हा शिन-रूने आनंदाने पुड्याला नमस्कार केला, सासऱ्यांनी केला, आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले म्हणून मीही केला.

सगळे जेवायला बसलो. सूप झकास होतं. मग सासूबाईंनी भाताच्या विजेच्या कुकरचं झाकण उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला. आत तांदूळ होते. कोमट पाण्यात बसलेले, अगदी स्वच्छ, दाणा न् दाणा सुटा.

"अगं बाई! मघापासून लावलाय. यांची डबीसुद्धा लावली होती, वीज वाचावी म्हणून. एवढा छान हिरवा दिवा लागला होता तिच्यावर!"

शिन-रूचा घास थांबला. तिने खिशातून फोन काढला, खाली खाली सरकवत बराच वेळ वाचला, आणि टेबलाखालून माझ्यासमोर धरला. 'मर्यादा ओलांडली. वीज बंद केली. पृथ्वी आपली आभारी आहे.' दुपारचे तीन निरोप बगळ्याचे होते. त्यापुढचे सगळे भाताचे.

मी तिच्याकडे पाहिलं. आई-वडिलांना दिसू नये म्हणून तिने फोन पालथा घातला, डाव उचलला आणि माझा वाडगा त्या तांदळांनी शिगोशीग भरला.

"खा," ती गोड आवाजात म्हणाली. "पृथ्वी आभारी आहे."

मी चावू लागलो. माझ्या दाढांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"मी सांगते काय झालं ते," सासूबाई म्हणाल्या. "कुकरवर पुडा नव्हता."

"मग ठेव की," सासरे म्हणाले. "मगाशी दोन आणलेस ना?"

"दुसरा कुकरसाठी नाही आणलेला." त्यांनी पिशवीतून तो काढला, तारीख नीट तपासली, आणि माझ्या वाडग्याशेजारी, तोंड माझ्याकडे करून, उभा केला.

"हा तुमच्यासाठी, जावईबापू. सारखा जवळ ठेवायचा," त्या मायेने म्हणाल्या. "खायचा नाही."